वेगाचं लायसन

ती. आक्कास,
वैजनाथचा कच्छच्या रणातून दंडवत.

मी खुशाल हाय. पर मिठाच्या मैदानावरच्या शर्यतीत मोटारसायकल पळवायचं लायसन मिळालं न्हाई. तपासणीत डॉक्टरीणबाईंनी इचारलं, "कधी फिट आलती का?" मी म्हणलं, "गेल्या साली एकदा, बहिणीच्या अंगणात." "मग एवढ्या वेगात आली तर?" म्हणत त्यांनी सही न करताच कागद परत दिला.

माजलगावचं धरण आटलं म्हणून तळात सराव केलता, सगळा वाया गेला. गाडी मग सोबतीच्या अश्रुबाला दिली. लई पळाली. मी टाळ्या वाजवल्या अन् तंबूमागं जाऊन रडलो.

टँकर येतो का? कारखाना सुरू झाला का? दाजींची कंबर कशी हाय?

आईला सांग, गाडी पहिली आली. कुणी चालवली, ते सांगू नको.

तुझा धाकटा,
वैजनाथ