दुधी छपरावर पाच बोटं हळद

गेर्लिंगेन, जर्मनी,
दसऱ्यानंतरचा सहावा दिवस

श्री. भास्करराव यांस,

सुधीरचा साष्टांग नमस्कार. तुमचा गुडघा आता जिना चढू देतो का? वहिनींचं पित्त कसं आहे? आम्ही इथे सुखरूप आहोत असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहितो, बाकी सहा दिवस झाले, मी हादरलेला आहे. फोन न करता पत्र लिहितोय, कारण या घरातली माणसं प्रत्येक फोन स्पीकरवर लावतात.

शार्दूलरावांनी (म्हणजे आमच्या जावयांनी) उन्हाळ्यात एक जुनी गाडी घेतली. ती बघूनच मला पहिला धक्का बसला. गाडीला छप्पर कापडाचं! भास्करराव, मी चौतीस वर्षं एसटीच्या वर्कशॉपात काढली, पण बारमाही पावसाच्या देशात एवढी भारी गाडी घेऊन वर कापड लावणारी माणसं मी पाहिली नव्हती. बटण दाबलं की छप्पर घडी होऊन मागे जातं. यंदा ते अकरा वेळा दाबता आलं (आमच्या लेकीने, अश्लेषाने मोजलंय). आणि रंग कोणता, तर दुधी. आपण दुधी शर्टसुद्धा प्रवासात घालत नाही.

हिवाळ्याच्या आधी या छपराची निगा राखावी लागते. दसऱ्याच्या आदल्या दिवशी जावई ते धुवायला निघाले, मीही बरोबर गेलो. आधी मऊ ब्रशने कोरडी धूळ झाडली, मग कोमट पाणी, मग खास शाम्पू, आणि ब्रश फिरवायचा तो फक्त कापडाच्या विणीच्या दिशेने. असे तीन तास. मला लहानपणी आईनेसुद्धा एवढ्या मायेने न्हाऊ घातलं नसेल. मी मधूनमधून वर्कशॉपातले अनुभव सांगत होतो आणि ते "या, बाबा, गेनाऊ", म्हणजे जर्मनमध्ये 'हो, बाबा, अगदी बरोबर', म्हणत होते. (ते मला फार मानतात. बाबांना गाडीतलं सगळं कळतं, असं त्यांनी ऑफिसातही सांगून ठेवलंय.) आता एक दिवस वाळवायचं आणि मग पाणी शिरू न देणारा फवारा मारायचा. तोवर कापड जे पडेल ते पिणार. त्याला हात लावू नका, एवढंच त्यांनी सांगितलं.

दसऱ्याला लेक-जावई दोघं ऑफिसात. दारात गाडी आणि पूजा नाही, हे तुमच्या बहिणीला, उल्काला, सहन होईना. (तिचा स्वभाव तुम्हाला माहीत आहे.) झेंडूची कुंडी आणून हार झाला, चाकाखाली लिंबू ठेवलं, इथवर ठीक. पण हळदीकुंकू लावायचं तर बॉनेटला लावावं की नाही? बाईंनी ओल्या हळदीची पाच बोटं थेट छपरावर ओढली. कापडाने हळद जी प्यायली! पुसायला जावं तर डाग हातभर पसरला. मग सांगलीहून आणलेली कपड्यांच्या साबणाची वडी आणि भांड्यांचा काथ्या घेऊन खसाखसा घासणं सुरू. विणीची दिशा वगैरे गेली उडत. आणि भास्करराव, तो पिवळा डाग डोळ्यांदेखत लालभडक झाला! असलं काही मी जन्मात पाहिलं नव्हतं.

शेजारच्या फ्राऊ हेगेले धावत आल्या. लाल ओघळ बघून त्यांनी कुणाला लागलंय का विचारलं. नाही म्हटल्यावर त्या खऱ्या हादरल्या, कारण साबणाचं पाणी अंगणात सोडलं होतं आणि ते इथे फरबोटन, म्हणजे सक्त मनाई. रक्त सांडलं असतं तर निदान सहानुभूती मिळाली असती.

संध्याकाळी जावई आले. उल्काने पुढे होऊन सांगितलं, माझ्या हातून झालं. ते "असू द्या, आई" म्हणाले आणि न जेवता झोपले. ओरडले असते तर बरं वाटलं असतं. आता कळलंय की हळद फक्त उन्हाने उडते. ऊन सहा दिवस पडलेलं नाही. डाग असताना फवारा मारता येत नाही आणि फवाऱ्याशिवाय छप्पर पाणी पिणार. जावई रोज सकाळी आधी आकाशाकडे बघतात, मग छपराकडे, आणि ट्रेनने ऑफिसला जातात.

वहिनींना नमस्कार.

आपला,
सुधीर

ता. क. : हे पत्र वहिनींना वाचून दाखवू नका. हळदीच्या डागाला साबण लावला की तो लाल होतो, हे संसार केलेल्या प्रत्येक बाईला माहीत असतं. माहीत नसतं ते जन्मात स्वतःचा रुमालही न धुतलेल्या माणसाला. हळद मी लावली, काथ्याही मीच चालवला. उल्का आत हार ओवत बसली होती.

आणखी एक ता. क. : तिला पुढे हो असं मी म्हटलं नव्हतं. जावयांपुढे माझी शोभा होऊ नये म्हणून ती आपणहून बोलली आणि मी तिच्या मागे गप्प उभा राहिलो. त्याची मला फार लाज वाटते. काल मी जावयांना खरं सांगितलं. ते म्हणाले, "बाबा, ते मला त्याच दिवशी कळलं. काथ्या तुमच्या खिशातून बाहेर लोंबत होता." पण उल्का सहा दिवस माझ्याशी बोललेली नाही. तेव्हा एवढं कराच : तिला फोन करून सांगा, की सुधीरने कबूल केलंय आणि तो तुझी माफी मागतोय. मीच सांगितलं असतं, ती शेजारच्याच खोलीत आहे, पण तिच्यासमोर उभं राहायची हिंमत होत नाही. पत्राला पंधरा दिवस लागतील असं पोस्टातली बाई म्हणाली. तेवढे मी कसेबसे काढतो.