अळीवाचे लाडू पोचले

ती. आईस, भिवंडीहून माधवीचा नमस्कार.

माझी तब्येत बरी आहे. तुझा गुडघा कसा आहे?

बाळ दिवस भरायच्या आधी आलं, त्याला दूध ओढता येत नव्हतं. म्हणून नाकातून पोटापर्यंत बारीक नळी घातली होती. मी दूध काढून द्यायचे. सिस्टर सिरिंज उंच धरायच्या, दूध हळूहळू उतरायचं. तेव्हा बाळ ओठ हलवायचं, जसं काही स्वतःच पितंय.

आई, काल सकाळी बाळ गेलं. ह्यांनी लूमच्या कारखान्यातून सुट्टी घेतली आहे, माझ्यापाशीच बसून असतात. काळजी करू नकोस.

तुझे लाडू आज पोचले. मला दूध यावं म्हणून केलेस, टाकवेनात. एक खाल्ला.

दूध अजून येतंय. ते आटायला काय खायचं, तेवढं कळव.

तुझी माधवी