पाटातलं लाल पाणी

११ सप्टेंबर, गुरुवार

— गाय कळपात सोडली, चुलीतली राख काढली, दही फडक्यात बांधून टांगलं आणि मग रंगाचं पातेलं उचललं. परवाची, मंगळवारची सकाळ. दोन दिवस झाले, मन तिथेच जाऊन बसतं. पातेलं जड होतं, म्हणून पाणी बादलीने काढून दोन खेपांत नेलं आणि परसातल्या पाटात ओतलं. नेहमीच ओतते. पातेलं राखेने घासून पालथं घातलं, अंगण झाडलं, भाकरीचं पीठ झाकून ठेवलं. दहा वाजता पाहुणे यायचे होते. पातेलं स्वच्छ दिसायला हवं, एवढंच डोक्यात होतं.

पाहुणे म्हणजे फिनलंडच्या एका शाळेतली बारा मुलं आणि त्यांच्या रित्वाबाई. दहा दिवस आमच्या गावात आहेत. सोन-कोलचं तळं बघायचं, ताश-रबातची जुनी सराई बघायची, आमचं नमद्याचं, म्हणजे लोकर थापून गालिचे करायचं, काम शिकायचं, आणि उरलेला वेळ पाणी आणि माती कशी जपायची त्याचा अभ्यास. एप्रिलमध्ये आमच्या शाळेतली सहा मुलं त्यांच्याकडे जाणार.

मुलं गालिच्याभोवती गुडघे टेकून बसली. हेल्मी नावाची एक मुलगी, नाकभर वांग, हातात वही. तिने विचारलं, हा लाल रंग कशाचा? आमच्या शाळेतली इंग्रजीची नूरझात भाषांतर करत होती. मी म्हटलं, मंजिष्ठेच्या मुळांचा. पिवळा दारुहळदीचा. तपकिरी अक्रोडाच्या सालांचा.

"मुळं कोण आणतं?"

"माझे यजमान. डोंगरावरून."

नूरझातने माझ्याकडे पाहिलं. ह्यांच्या मयताला ती आली होती, चाळिसाव्या दिवशी माझ्याबरोबर बोर्सोकचे पिठाचे तुकडे तळायला बसली होती. चार वर्षं झाली. तिने जसंच्या तसं भाषांतर केलं.

का बोलले, मला सांगता येत नाही. एकतीस वर्षं ते खरं होतं. आता लाल रंग नारिनच्या बाजारातल्या पुडीचा असतो.

१२ सप्टेंबर

काल पूर्ण लिहिलं नाही. लिहायला हवं.

मंगळवारी जेवणानंतर दोन्ही शाळांची मुलं पाटाकाठी पाणी तपासायच्या कागदाच्या पट्ट्या घेऊन फिरत होती. प्रत्येक गटाकडे पाटाचा एक तुकडा. माझ्या फाटकापासून खाली शेजारणीच्या, सोनुनच्या फाटकापर्यंतचा तुकडा मेरिमकडे. मेरिम ही सोनुनचीच मुलगी, पंधरा वर्षांची, एप्रिलला जाणाऱ्या सहांतली. तिने सकाळी आठला पाणी बघून तक्त्यावर "स्वच्छ" लिहिलं होतं. मी पातेलं ओतलं ते साडेआठनंतर.

सोनुनच्या फाटकाशी पाट अडतो, तिथे डबकं होतं. डबकं लाल झालेलं. आणि तिच्या कुंपणावर लाल नमदा वाळत टाकलेला.

तो नमदा आम्हा दोघींचा. आमच्याकडे गालिचा एकटीने करत नाहीत. लाल आणि तपकिरी नमदा एकावर एक ठेवून एकाच वेळी कापतात, म्हणजे काही वाया जात नाही आणि दोन गालिचे होतात. एकावर लाल शिंगांची नक्षी, दुसऱ्यावर तपकिरी. एक माझ्या घरी, एक तिच्या. रंगवते मी. वाळतो तिच्याकडे, कारण तिच्या कुंपणावर ऊन जास्त वेळ असतं.

मी वरून बघत होते. मुख्याध्यापिका बूबूसारा, रित्वाबाई, सगळी मुलं, आणि मध्ये सोनुन ओल्या हातांनी उभी. रित्वाबाई काहीतरी हळू बोलल्या. सोनुनने मान वर करून माझ्या घराकडे पाहिलं. एकदाच. मग म्हणाली — एवढं मला वरही ऐकू आलं — "पुन्हा होणार नाही."

मी आत गेले आणि चहा ठेवला.

१३ सप्टेंबर

आज सोनुन शिवायला आली, रोजच्यासारखी. ती मला एजे, म्हणजे ताई म्हणते, मी तिच्याहून अकरा वर्षांनी मोठी.

"एजे, बूबूसाराबाई येऊन गेल्या. म्हणाल्या, सोनुन, निदान पाहुण्यांसमोर तरी."

मी सुईत दोरा ओवत राहिले.

"मी म्हटलं, हो बाई."

"हो कशाला म्हणालीस?"

"मग काय म्हणू?" तिने दोरा दाताने तोडला. "चहा टाकू का? तुमचे हात गार पडलेत."

एप्रिलला जाणाऱ्यांच्या यादीतून मेरिमचं नाव काढलंय, शाळेच्या अंगणात सगळ्यांसमोर. आईची चूक झाकायला तक्त्यावर खोटं लिहिलं, असं ठरलं. सोनुनने हे असं सांगितलं की जणू शेजारच्या गावातली बातमी. नंतर म्हणाली, शिंगांची टोकं जरा जाड झालीत, नाही का.

धाकट्या बाईने थोरलीचं उणं पाहुण्यांसमोर काढायचं नाही. मीही सासूचं कधी काढलं नाही. एकदा तिने करपवलेली भाकरी माझ्या नावावर खपली आणि मी मान खाली घातली. रीत चांगली आहे असं मी गावातल्या सुनांना सांगत आले. पण सोनुनचं तोंड रीतीने बांधलेलं आहे हे मला त्या दुपारी वरून बघतानाच माहीत होतं. म्हणून तर मला चहा ठेवता आला.

१४ सप्टेंबर

पाहुणे ताश-रबातला गेले. गाव शांत. बटाटे काढले, दोन ओळी.

संध्याकाळी बूबूसारा मिठाईचा पुडा घेऊन आली. बसली, गालिच्यावरून हात फिरवला.

"एजे, सहा मुलांबरोबर एक कारागीर बाई न्यायची आहे. रित्वाबाईंनी तुमचंच नाव घेतलं. म्हणतात, अशी जुनी पद्धत जपणारी बाई आमच्या मुलांना पुन्हा भेटली पाहिजे."

"मी? मला कुठे त्यांची भाषा येते."

"नमदा बोलतो की. नुसतं बसायचं, लोकर थापायची, गोरी पोरं भोवती गोळा होतात. विमानात खिडकीशी जागा देऊ."

मी हो म्हटलं नाही. नाहीही म्हटलं नाही.

मला जायचं आहे. इथे खोटं कुणाशी बोलू. आठवीनंतर शाळा सुटली, लग्न झालं. सामुदायिक शेतीचं वाचनालय बंद झालं तेव्हा ह्यांनी तिथली टाकून दिलेली पुस्तकं गाढवगाडीतून आणली, त्यावर मी चाळिशीत जाड पुस्तकं वाचायला शिकले. त्यांत एक नकाशांचं होतं. वरच्या टोकाला समुद्र गोठतो आणि लोक त्यावरून चालत जातात असं मी ह्यांना वाचून दाखवलं, तर म्हणाले, त्यात काय, आपण नारिनची माणसं, सहा महिने तेच करतो. पण नंतर कितीतरी वेळ बोट त्या निळ्यावर ठेवून बसले होते.

१५ सप्टेंबर

मेरिम सकाळी गाय कळपात न्यायला आली. या आठवड्यात गुरं राखायची पाळी त्यांच्या घराची. दाराशी घुटमळली.

"आजी, मंगळवारी तुमच्या परसात कुणी आलं होतं का? पाटाशी?"

"का गं?"

"आठला पाणी स्वच्छ होतं. मी वाकून बघितलं होतं. पट्टीसुद्धा बुडवली. आई म्हणते, जाऊ दे. पण मला कळत नाही, आलं कुठून."

मी विचारलं, हेल्मी काय म्हणते? दोघी पहिल्या दिवसापासून बरोबर हिंडायच्या.

"म्हणते, आईसाठी केलंस ना, मला समजतं. मला तिचा राग आला."

"मग तू काय म्हणालीस?"

"काय म्हणणार? इंग्रजीत भांडण्याइतकं येत नाही अजून."

आणि हसली. मग गायीच्या पाठीवर थाप मारून निघाली.

मी तिला म्हटलं, नाही, कुणी आलं नव्हतं. ते खरंच होतं. कुणी आलं नव्हतं, मी घरातलीच होते.

दुपारी भाकरी तशीच उरवली. कुत्र्याला घातली. आजवर भाकरी कधी कुत्र्याला घातली नव्हती.

१६ सप्टेंबर

मला सोनुनचा राग येतो. गप्प का बसते? एकदा बोलली असती तर मी कबूल केलं असतं. कदाचित. चार माणसांत नाही, माझ्याच दारात येऊन म्हणाली असती, एजे, हे काय केलंत. पण ती येते, सुई काढते, शिंगांच्या कडेने पांढरा दोरा घालते आणि थंडी लवकर पडेल म्हणते. तिच्या मनात काही नाही असं मला वाटू देते. ही मोठी शिक्षा आहे, आणि तिला ते ठाऊकही नाही. किंवा असेल.

एक गोष्ट कुणालाच माहीत नाही. पुडीच्या पाकिटावर मागे बारीक रशियन अक्षरं आहेत. दोन वर्षांपूर्वी शब्दकोश घेऊन मी ती वाचली. जड गेलं, पण वाचली — वाहत्या पाण्यात ओतू नये. वाचता आलं याचा त्या दिवशी आनंद झाला होता. त्यानंतरही ओततच राहिले. खड्डा खणायचा तर परसातली जमीन दगडी, आणि खणायला आता कोण.

हे होते तोवर मुळांचं पाणी झाडांना घालायचो. जर्दाळूंना काही झालं नाही.

मुलांशी जे बोलले त्यात ह्यांचं नाव गुंतवलं. ह्यांनी आयुष्यात पाणी घाण केलं नाही. ओढ्यात हात धुवायचा तरी ओंजळ भरून काठावर येत.

१७ सप्टेंबर

पाहुणे उद्या जाणार. यादी, माझं नाव धरून, रित्वाबाई बरोबर नेणार, म्हणजे उद्यानंतर बदल नाही. आज शाळेत त्यांना निरोपाचं जेवण होतं. मी गेले नाही, गुडघा दुखतो असं कळवलं. सोनुनही गेली नाही. तिला कुणी बोलावलंच नव्हतं.

ती दुपारी आली. शिवण संपत आलं होतं. मी विचारलं, मेरिम कशी आहे?

"रडून झालं. मी सांगितलं, पुढच्या वर्षी जाशील."

"पुढच्या वर्षी असतं का?"

"नसतं. हे एकदाच." तिने सुई फडक्यात टोचून ठेवली. "पण एजे, तुम्ही जाणार म्हणे. सगळं गाव बोलतंय. बरं झालं. इतकी पुस्तकं वाचलीत, एकदा डोळ्यांनी बघून या."

मी उरलेला दोरा बोटाला गुंडाळला.

"तिकडे एप्रिलमध्येही बर्फ असतो म्हणतात. माझा लोकरी कोट न्या. तुमचा कोपरावर विरलाय, परक्या लोकांत बरं दिसत नाही."

"सोनुन," मी म्हटलं.

"नाही म्हणू नका. मी कुठे जाणार आहे कोट घालून? आणि मेरिमला काही सांगू नका हां. तिला माहीत नाही. तिला तुम्ही फार आवडता."

म्हणजे सोनुनला सगळं माहीत होतं, आणि मला माहीत आहे हेही तिला माहीत होतं. तिने गालिचा गुंडाळला, घोटभर चहा घेतला, कपावर हात ठेवून पुरे म्हणाली आणि कोट आणायला घरी गेली.

१८ सप्टेंबर

सकाळी शाळेत गेले. बस उभी होती, मुलं सामान चढवत होती, गावातले आईबाप जमले होते. मेरिम भिंतीशी एकटी उभी होती. नूरझातला शेजारी घेतलं आणि रित्वाबाईंना सांगितलं — लाल पाणी माझं. रंग बाजारातल्या पुडीचा. पाण्यात ओतू नये हे मी वाचलेलं होतं. यजमान चार वर्षांपूर्वी वारले. सोनुनने काही केलेलं नाही, आणि मेरिमने तक्त्यावर खरं लिहिलं होतं. नूरझातने एकेक वाक्य जसंच्या तसं सांगितलं.

बूबूसारा जवळ येऊन हळूच म्हणाली, "एजे, हे आत खोलीत सांगितलं असतंत तरी चाललं असतं."

मी म्हटलं, मेरिमचं नाव यादीतून बाहेर अंगणात काढलं होतंत.

तिने यादीत मेरिमचं नाव परत लिहिलं. माझं मी माझ्या हाताने खोडलं.