गिझरची बारीक नळी
शुक्रवार, १२ डिसेंबर

आज सासूबाईंसाठी न्हाणीघरात गॅसचा गिझर बसवला. सिंधीपुऱ्यातला फिटर म्हणाला, "मॅडम, नळी पतली आहे, गिझरला जाड लागते." हे म्हणाले, "याच नळीवर शेगडी चालते ना? तसाच जोड." खरं कोणाचं?

सासूबाई कडी लावून आंघोळीला बसल्या. मी इकडे त्याच सिलिंडरवरची शेगडी पेटवली, तर तिची ज्योत एकदम बसली. आत गिझर विझून गॅस तर सुटला नसेल? मी सिलिंडर बंद केला आणि दार बडवून त्यांना ओलेत्यानेच बाहेर काढलं. कुडकुडत म्हणाल्या, "साबण तर धुवू द्यायचा होता, बाई!" हे हसले. वास तर कुठेच नव्हता.

मग मी घाबरट की शहाणी? आणि जाड म्हणजे किती जाड, तेही विचारलं नाही. सिलिंडर मात्र अजून उघडलेला नाही, चहासाठीसुद्धा नाही.