शेळी कुणी निवडायची

११ जानेवारी १९८२
परत आलो. नांदेडला रसवंतीवर दोन महिने काढले, पुढं जीव रमेना. आत्याच्या दारात पिशवी ठेवली तर ती पीठ मळता मळता म्हणाली, "आलास? बरं झालं. तुला सेक्रेटरी केलंय."
कशाचा, ते भाकरी खाल्ल्यावर कळलं. शेळीपालन मंडळाचा. परभणीची एक संस्था आहे, तिला परदेशातून मदत येते. चौदा गरीब बायांना दोन-दोन शेळ्या द्यायच्या. मंडळ नोंदवायला लिहिता येणारा माणूस पायजे होता. नववीपर्यंत गेलेला मीच सापडलो, तोही गावात नसताना.
भाकरी दोन, वर ठेचा. आत्यानं कुठं होतास म्हणून विचारलं नाही. ती कधीच विचारत नाही.

१२ जाने.
संस्थेची अट अशी की बाया दोन्हीकडच्या पायजेत. नऊ आमच्या वस्तीतल्या, पाच गावातल्या. नामांतराच्या वक्ताला आमची घरं जळाली, त्याला आता साडेतीन वर्षं होतील. तेव्हापासून गावातली बाई आमच्या वस्तीत येऊन बसलेली मी पाहिली नव्हती. आज पाच बसल्या. चटईच्या कडेला, पण बसल्या. त्यातली गयाबाई पुढं. पाटलाच्या भावकीतली, नवरा वारलेला, जमीन दिराच्या ताब्यात. बोलायला तिखट.
मला बघून म्हणाली, "ह्यो व्हय सेक्रेटरी? ह्याला बी दाव्यानं बांधावं लागंल."

१३ जाने.
कागद वाचून दाखवला. 'भागीदारीचा करारनामा.' तीनदा वाचायला लावला. मधी दोन रकाने. डावीकडं संस्था: जनावरांची निवड, खरेदी, देखरेख, निर्णय. उजवीकडं आमी: गोठा झाडणे, चारा, श्रमदान, बैठकीस हजर राहणे.
आत्या : "म्हंजी शेळी बी त्यांनीच बघायची न् आक्कल बी त्यांचीच. आपली भागी कशात मग? लेंड्यात?"
बाया लय हसल्या. गयाबाई हसली नाही. म्हणाली, "आमचे पाटील अर्धलीनं शेळ्या देत्यात, तुमालाबी ठावं हाय. पाळणारीनं पाळायची, पिल्लं निम्मी निम्मी. पण बाजारात पाळणारीला संगं नेत्यात. म्हणत्यात, बघ बाई, कोणती नेतीस. पाटलासारखा पाटील बाजूला उभा ऱ्हातो. आन् हे भागीदार म्हणून लिहित्यात, न् निवडणार तेच?"
मग सगळ्याच बोलायला लागल्या. संस्था पांढऱ्या, उंच, लांब कानाच्या शेळ्या बाहेरून आणणार. दूध लय. पण शेजारच्या गावात तसल्याच आल्या होत्या, श्रावणाच्या झडीत निम्म्या गेल्या. आपली काळी बाभळीच्या शेंगा खाऊन जगते. आणि मेल्या तर कुणी म्हणणार नाही की शेळी चुकली. म्हणणार, ह्या बायांला सांभाळता येत नाही. मग ह्या गावाला पुन्हा कोण काय देतंय?

१४ जाने.
पत्र लिहिलं. चारदा फाडलं. शेवटी आत्या म्हणाली, "साधं लिव्ह. निवड आमी करणार. बाकी समदं कबूल." तेवढंच लिहिलं.
चौदा अंगठे. शाईची डबी सुकलेली, म्हणून काजळीत तेल कालवलं. आत्याच्या अंगठ्याच्या शेजारी गयाबाईचा. मी नुसता बघत बसलो. चांगलं वाटलं.
अठरा तारखेला संस्थेची बैठक आहे. त्याच्या आधी पत्र परभणीला, शिंदेसाहेबांच्या हातात द्यायचं. ते संस्थेचे आपल्या भागाचे माणूस.

१६ जाने.
बोरीच्या फाट्यावर एस.टी.ची वाट बघत होतो. कापसाचा ट्रक थांबला. ड्रायव्हर म्हणाला, सेलूला चाललो, येतो का. म्हणलं अजून दोन दिवस आहेत. सेलूहून रेल्वेनं परभणी काय लांब.
कापसावर उताणा पडून गेलो. वर काहीच नाही, आभाळ नुसतं. असं कधीच...

१७ जाने.
सेलूच्या जिनिंगमधी आहे. सरकी एकीकडं, रुई एकीकडं. दिवसभर बघितलं तरी कंटाळा येत नाही. एक हमाल आजारी होता, त्याच्या जागी ओझी उचलली. बाकीच्या हमालांनी आपल्यातलं जेवू घातलं. नाव विचारलं, जात नाही विचारली. भल्या माणसांचं भलं होवो.

१९ जाने.
सकाळी तारीख विचारली. एकोणीस.

तोच दिवस, परभणी
पळत रेल्वे धरली. शिं. सा. हापिसात एकटेच होते. सडपातळ माणूस, स्वेटर घातलेला. "बैठक काल झाली," म्हणाले. ठरलं. पुढच्या महिन्यात ट्रक पांढऱ्या शेळ्या आणायला जाणार.
पत्र उभ्यानं वाचलं. मग खुर्चीवर बसून पुन्हा वाचलं. अंगठ्यांवरून बोट फिरवलं.
"आधी का नाही आणलंस?"
"गाडी चुकली साहेब."
खोटं बोललो. त्यांनी चहा मागवला. म्हणाले, "बैठकीच्या आधी मिळालं असतं तर निदान वाचून दाखवलं असतं. आता माझ्या हातात नाही." रागावले नाहीत. रागावले असते तर सोपं गेलं असतं.

२० जाने.
परभणी स्टँड. नांदेडची गाडी लागली होती. चढलो. उतरलो.

२१ जाने.
सगळ्यांना बोलावून खरं सांगितलं. ट्रक, कापूस, जिनिंग, सगळं. खाली बघूनच सांगितलं.
मग आत्या : "पत्र पोचलं का?"
"पोचलं. उशिरा."
"वाचलं का त्यानं?"
"दोनदा."
"मग आता मानसांनी जायचं."
गयाबाई उठता उठता म्हणाली, "कापूस मऊ होता का रं?"
बाया हसल्या. मला हसता येईना, वर बघता येईना. पण ह्या बायांनी मला सेक्रेटरीवरून काढलं नाही. एकीनं तसं नुसतं बोलूनही दाखवलं नाही. हे मी लिहून ठेवतो, कारण मी विसरणारा माणूस आहे.

२३ जाने.
आत्या, गयाबाई आणि मी. पहिल्या एस.टी.नं परभणी. फाट्यावर गयाबाईचा दीर आडवा आला. "त्यांच्या संगं येका शिटावर बसून जायलीस?"
"मग काय तुमच्या डोक्यावर बसून जाऊ? सरका."
एकाच शिटावर बसल्या. मी मागं उभा.
शिं. सा. नी दोघींना खुर्च्या दिल्या. आत्या खुर्चीच्या टोकावर. साहेब समजावून सांगत होते, "बाई, पैसा बाहेरून येतो. कागदावर जे लिहून गेलंय, तसंच करावं लागतं. मीसुद्धा नोकर माणूस."
आत्या म्हणाली, "खरं हाय साहेब. तुमच्यावर राग न्हाई. येक इच्यारते. कागदावर आमाला भागीदार म्हणलंय का न्हाई?"
"म्हटलंय."
"मग दोन नकोत. येकीला येकच शेळी द्या. पण ती आमाला निवडू द्या."
मी दचकलो. हे गावात ठरलं नव्हतं. आत्याच्या मनात तिथंच आलं. गयाबाईनं तिच्याकडं बघितलं, लय वेळ. मग साहेबांकडं तोंड करून म्हणाली, "व्हय. येकच."
साहेबांनी चष्मा काढला, पुसला, घातला. बाहेर सायकलवाल्यांचं भांडण चाललं होतं, कान तिकडं गेला आणि साहेबांचं पहिलं वाक्य हुकलं. दुसरं ऐकलं : "पुढच्या बाजाराला मानवतला येतो. तुम्ही कशी निवडता ते बघतो. पण वचन देत नाही."
आमच्या तिघांच्या तिकिटाचं त्यांनी विचारलं. आत्या नको म्हणाली.

२४ जाने.
भांडण. बारा बायांचं आत्याशी. "येकच का म्हणालीस? आमाला न इच्यारता?" एक म्हातारी तर रडली. तिला दुसरी शेळी नातीसाठी पायजे होती.
आत्या मान खाली घालून ऐकत होती. "चुकलं माझं. तोंडातून गेलं. पण मी अर्धलीच्या धा शेळ्या वाढवल्या, आन् येक बी पावसात मरू दिली न्हाई. कारण त्या मी निवडल्या हुत्या."
म्हातारीनं डोळे पुसले. "मानवतला मला बी ने."
जेवण आज गयाबाईकडं. अंगणात, पण ताटात. वरण, भाकरी, शेंगदाण्याची चटणी. ह्या घरी पहिल्यांदा. पोट भरलं तरी उठावंसं वाटेना.

२७ जाने.
सहा दिवस झाले, कुठं पळालो नाही. मलाच नवल वाटायलंय. वस्तीतल्या पोरीबाळींची नावं आता पाठ झाली.

मानवत, बाजाराचा दिवस
पोस्टाच्या पायरीवर बसून लिहितोय. सगळं सरळ लिहितो.
पाच बाया आल्या. शिं. सा. वहीपेन घेऊन आलेच. मला वाटलं येणार नाहीत. रहीमचाचा म्हणून म्हातारा व्यापारी आहे, त्याचा कळप बघितला. गयाबाई शेळीची पापणी उलटून बघायची. "पांढरं हाय, पोटात जंत. सोडा." आत्या कासेखाली हात घालायची, मग शेळीला चालवून बघायची. पदरात बाभळीच्या शेंगा आणलेल्या, त्या मधीच टाकायची आणि गर्दीत घुसून खाणारी कोणती ते बघायची. म्हातारीनं नुसता तोंडाचा वास घेऊन दोन बाजूला काढल्या.
साहेब हळूहळू वाकून बघायला लागले. मग त्यांनी स्वतः एक निवडली. उंच, दिसायला देखणी. गयाबाईनं तिचं तोंड उघडून दात दाखवले. "साहेब, ही तुमच्या वयाची हाय."
रहीमचाचा असा हसला की त्याची टोपी पडली. "अम्मा, इनकू मेरे पास नौकरी पे भेजो!"
साहेबही हसले. लाल झाले. मग वही मिटून म्हणाले, "चौदा कशाला? अठ्ठावीस निवडा. दोन-दोन."
आत्या : "आन् वरचे साहेब?"
"त्यांना आत्ताच मुंबईला फोन लावतो. ते हो म्हणाले तर आजच न्या. नाही म्हणाले तर..." आणि साहेब पोस्टाकडं निघाले.
रहीमचाचा म्हणाला, "सूरज ढले तक किसीकू नहीं देता. तुमारे वास्ते रुकता." आपला धंदा सोडून हा माणूस थांबलाय. कोण कुठला.
पोस्टात मुंबईचा ट्रंक कॉल लावला त्याला दीड तास झाला. साहेब दोनदा बाहेर आले, लाईन मिळत नाही म्हणाले, परत आत गेले. समोर लिंबाखाली अठ्ठावीस काळ्या शेळ्या बांधल्यात. आत्यानं फडकं सोडलं, गयाबाईनं त्यातली भाकरी मोडून घेतली. म्हातारी एका तरण्या शेळीच्या कानात काहीतरी सांगायलीय, नातीचं नाव असंल.

आत्ता पोस्टवाला ओरडला, "मुंबई! बोला, बोला!"
पायरीवरूनच ऐकतोय. साहेब मोठ्यानं बोलतायत. "होय सर. नाही सर. नियम माहीत आहे सर. पण मी आज बघितलं..." मग नुसतंच "होय सर."
दारात आले. चेहऱ्यावरून काही कळेना. आत्याला हात केला. "तुम्ही या. ते विचारतायत, बायांना काय कळतं. तुम्हीच सांगा."
आत्यानं दावं गयाबाईच्या हातात दिलं. डोक्यावरचा पदर सारखा केला. फोन तिनं जन्मात धरला नाही. आत गेली. दार उघडंच आहे. साहेब तिच्या कानाला रिसीव्हर धरून उभे आहेत, बाजूला.
मोठ्यानं बोलायलीय, सगळ्या बाजाराला ऐकू जाईल असं :
"हालो. मी पाळणारी बोलायलेय."