लेन्सांचा डबा

बुधवार संध्याकाळ, टॅम्पा

उद्या वादळ. आज निघायचंय. दुपारी समीरचा शिकागोहून फोन, किती तरी महिन्यांनी. "बाबा, खालच्या खोलीतलं माझं व्हेपचं सामान आणि ड्रोन वर ठेवा ना. बाटल्या हवाबंद डब्यात. बॅटऱ्या वेगळ्या, प्लीज."

मी जन्मभर फुप्फुसांचा डॉक्टर, आणि बाटल्या ई-सिगारेटच्या. घरात हवाबंद डबा एकच, माझ्या कॅमेऱ्याच्या लेन्सांचा. तो रिकामा केला. बाटल्या पुसून भरल्या. बॅटऱ्या वेगळ्या. का केलं? नाही म्हटलं असतं, तर पुन्हा फोन आला नसता.

झाल्यावर मीच कळवलं.

"ग्रेट. टेन्शन गेलं," म्हणाला आणि फोन ठेवला.

हिने बॅग भरता भरता विचारलं, "आपण कुठे जाणार, ते विचारलं का त्याने?"

हो म्हणालो.