माया सोडून कापणे

९ ऑक्टोबर

चि. टेप्यास,
अ. उ. आ.

पत्र खुशालीने सुरू करायचं असतं. इकडे खुशाल कोणी नाही, म्हणून ती ओळ गाळली आहे.

तुमच्या कंपनीने परवा दुपारी आमच्या थिएटरात तो नाताळचा सिनेमा फुकटात दाखवला. नाताळला अडीच महिने आहेत, तोवर लोकांची मतं घ्यायची आणि त्यांना नको असेल ते कापून टाकायचं, असं तुमच्या माणसाने मला समजावलं. दोनशे खुर्च्यांवर अभिप्रायाचे दोनशे कागद आणि दोनशे पेन्सिली मी माझ्या हाताने ठेवल्या. कागद राहिले, पेन्सिली गेल्या. अकरा वर्षं तिकीट खिडकीवर बसतेय, फुकटचा प्रेक्षक मी चांगली ओळखून आहे.

सिनेमात आवाजाचं काम तुझं, म्हणून बाबांना मुद्दाम घेऊन गेले. आई गेल्यापासून तीन वर्षांत ते थिएटरात आले नव्हते. त्यांना कडेची खुर्ची दिली आणि मी मागे दारापाशी उभी राहिले. सिनेमा हलकाफुलका आहे, नाही म्हणत नाही. एका घरचे तीन जावई एकमेकांना न सांगता सांता होऊन येतात आणि तिघेही स्वयंपाकघरात समोरासमोर उभे राहतात. सगळं घर हसतं. थिएटरही हसलं. आणि त्या हसण्यात मागून आई हसली.

टेप्या, माझ्या हातातली बॅटरी खाली पडली. ते नाकातून सुरू होणारं आणि मग फळीवरची भांडी पडावीत तसं खाली येणारं हसणं जगात दुसऱ्या कुणाचं नाही. बाबा उभे राहिले. मागचा माणूस बसा बसा म्हणून ओरडत होता तरी उभेच. शेवटी मी जाऊन खांदा दाबून बसवलं. सिनेमा संपल्यावर त्यांनी कागदावर बराच वेळ काहीतरी लिहिलं, घडी करून दारातल्या अभिप्रायाच्या पेटीत टाकलं आणि माझी वाट न बघता घरी निघाले. काल दिवसभर शिलाईचं दुकान बंद होतं. मशीनवर बसून नुसतं चाक फिरवत होते.

तुला विचारावंसं वाटलं नाही का रे? निदान कळवावंसं? बाजारात माल विकावा तसं आईचं हसणं नेऊन तीन दाढीवाल्यांच्या मागे लावलंस. आणि ज्यांच्यासाठी लावलंस ते काय म्हणतात तेही ऐक. पेटीला कुलूप होतं, ती तुमचा माणूस घेऊन गेला. पण निम्म्या लोकांनी कागद खुर्चीवरच टाकले होते, ते मी गोळा करून वाचले. एकाने लिहिलंय, पार्टीत मागे खिंकाळते ती बाई कोण, तिला बाहेर काढा. एकीने लिहिलंय, घरच्यांनी मिळून बघण्यासारखा छान सिनेमा, फक्त ते एक हसणं असभ्य वाटतं. असभ्य म्हणे. आणि एका दिवट्याने तर नुसतं ‘घोडी’ लिहून खाली दोन रेघा ओढल्यात. असे एकोणीस कागद आहेत. ते मी तुमच्या माणसाला दिले नाहीत, माझ्या खणात कोंबलेत, आणि मला त्याची लाज वाटत नाही.

खुलासा कर. माया शिल्लक असेल तर लवकर कर.

तुझी
ताई


१४ ऑक्टोबर

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र पोचलं, हात अजून भाजताहेत. माझं चुकलं, हे पहिल्याच परिच्छेदात लिहून टाकतो, म्हणजे पुढे भांडायला मोकळा.

तुला आठवत असेल, माझा पहिला टेपरेकॉर्डर स्वयंपाकघरातल्या फळीवर असायचा आणि मी तो चालू ठेवून विसरायचो. त्यावरूनच तर तू मला हे नाव ठेवलंस. एकदा बाबांनी घाईत एका कोटाला डावी बाही उजवीकडे आणि उजवी डावीकडे लावली. कुठे चुकलं ते कळेना म्हणून कोट स्वतःच्या अंगात घालून आईला दाखवायला आत आले. तेव्हा आई जी हसली, ती टेपवर आली.

इथे आमच्या कपाटात हसण्याच्या छत्तीस टेपा आहेत. सगळी हसणी शिळी. दिग्दर्शक एकेक ऐकून वैतागला. यांच्यापैकी एकालाही खरंच हसू आलेलं नाही, म्हणाला. मी दुसऱ्या दिवशी माझ्या खोलीवरून टेप आणली. कुणाचं हसणं ते कुणालाच सांगितलं नाही. विकलं म्हणतेस, ते मला फार लागलं, ताई. तीन वर्षं ती टेप मी खोलीवर एकटा ऐकतोय. एकट्याने हसणं ऐकलं की रडूच येतं. मला वाटलं, ते एकदा भरल्या घरात वाजावं. बाबा समोर असतील हे डोक्यातच आलं नाही, हा माझा गाढवपणा.

आता पुढची भानगड. पेटीतल्या कागदांचे गठ्ठे लावायला आमच्याकडे एक कारकून आहे. हव्यांचा एक, नकोंचा एक. हसणाऱ्या बाईविरुद्ध त्याला आतापर्यंत बावीस कागद सापडलेत. तुझ्या खणातले एकोणीस त्यात पडले असते तर निकाल परवाच लागला असता, तेव्हा लाज वाटून घेऊच नकोस. तीन बाप्ये एकमेकांच्या दाढ्या उपटतात ते या लोकांना सभ्य वाटतं आणि माझी आई असभ्य वाटते, हे वाचून माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. दिग्दर्शकाशी भांडून मी महिनाअखेरपर्यंत मुदत मागून घेतली आहे. ठेवायचं की काढायचं ते तू ठरव, म्हणाला, पण ठेवलंस तर मला कारण सांग.

कारण माझ्याकडे आहे. पण बाबांना त्रास होत असेल तर त्या कारणाला काही अर्थ नाही. तू त्यांना सरळ विचार. ते म्हणतील तसं करतो. त्यांचा कागद कारकुनाच्या ढिगात कुठेतरी आहे, मला अजून दिसलेला नाही.

रागावलीस तरी लोभ कमी करू नकोस.

तुझा
टेप्या


२० ऑक्टोबर

चि. टेप्यास,
अ. उ. आ.

विकलंस हे मी मागे घेते. गाढवपणा केलास हे मात्र मागे घेत नाही, ते तूच लिहिलंयस.

बाबांना विचारलं. आधी दोन दिवस हिंमत झाली नाही. काल दुकानात त्यांचा डबा घेऊन गेले तेव्हा विषय काढला. पँटचं कापड समोर पसरून खडूने रेघा मारत होते. मान वर न करता त्यांनी एवढंच विचारलं की ते कापलं कुणी. मी म्हटलं, आपल्या टेप्याने, त्याचं कामच आहे ते. तर म्हणाले, कात्री त्याच्या हातात दिली कुणी. इतकी वर्षं या दुकानात लोळत अभ्यास केला आणि कार्टं काही शिकलं नाही. असे चिडलेले मी त्यांना कित्येक वर्षांत बघितले नव्हते. मी घाबरत घाबरत विचारलं, मग ते हसणं काढून टाकायला सांगू का. त्यावर म्हणाले, अर्धवट ठेवण्यापेक्षा काढलेलं बरं. आणि मशीन चालू केली. ती चालू झाली की त्यांच्याशी बोलता येत नाही, तुला माहीत आहे.

तेव्हा काढून टाक.

खरं सांगू? मला ते पुन्हा ऐकायचं होतं. नाताळात सिनेमा आमच्याकडे लागेल तेव्हा रोज त्या वेळी खिडकी बंद करून दारात जाऊन उभं राहायचं, असं मी मनाशी ठरवून टाकलं होतं. म्हणजे तुला शिव्या घालत होते आणि आत हा बेत चालला होता. आता राग कुणावर काढू ते कळत नाही. त्या एकोणीस जणांवरच काढते. काल खिडकीवर एकाने सुटे पैसे नाहीत म्हटलं तर मला वाटलं, हाच असणार तो घोडीवाला. विनाकारण बोलले बिचाऱ्याला.

टेप मात्र पुसू नकोस. एवढी माया ठेव.

तुझी
ताई


२८ ऑक्टोबर

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

बसून वाच.

तुझं पत्र मिळालं त्याच दुपारी मी आईचं हसणं काढायला बसलो होतो. फितीवर लाल पेन्सिलीने खूण केली, कात्री हातात घेतली, तेवढ्यात कारकून एक कागद घेऊन आला. त्याने हव्या-नकोच्या गठ्ठ्यांशेजारी तिसरा गठ्ठा केला होता, ‘अर्थ लागत नाही’ असा. त्यात हा एकच कागद. त्याला वाटलं, आवाजाबद्दल काहीतरी असावं, मला कळेल. अक्षर बघितलं आणि कात्री खाली ठेवली. जसाच्या तसा उतरवून देतो.

‘सिनेमा कसा वाटला? — बरा. तिन्ही लाल कोट खांद्यात चुकले आहेत.
आवडलेला प्रसंग? — स्वयंपाकघरातलं हसणं.
न आवडलेला प्रसंग? — तेच.
कारण? — हे हसणं मुळात माझ्या कोटाला आहे, यांच्या नाही. ते असो. पण कापताना माया सोडलेली नाही. हसून झालं की ती श्वास आत ओढून “मेले गं बाई मी” म्हणत असे. कापड तिथपर्यंत हवं. अर्धी बाई लोकांसमोर उभी करू नये.
सिनेमा पुन्हा पाहाल का? — दुरुस्त करून दिलात तर.’

तू दुकानात फारशी बसली नाहीस म्हणून सांगतो. शिवणीसाठी कडेला जे जास्तीचं कापड ठेवतात त्याला बाबा माया म्हणतात. माया सोडून कापायचं, अगदी रेघेवर कापलं तर शिवण उसवते. हे त्यांनी मला शंभरदा सांगितलं असेल. ते चिडले होते, ताई, पण मी आईला लावलं म्हणून नाही. अर्धं लावलं म्हणून.

आणि त्यांनी बरोबर ओळखलं. टेपवर ते शब्द आहेत. मीच कापले. दिग्दर्शकाला सांगितलं की पुढच्या संवादावर येतात. खोटं सांगितलं. तीन वर्षं टेप तिथवर आली की मी बटण दाबून बंद करत आलोय. आईच्या तोंडून ‘मेले’ हे मला ऐकवत नाही. बाबांना मात्र तेवढंच हवं होतं.

काल पहिल्यांदा मी शेवटपर्यंत ऐकलं. बाबांच्या त्या कोटाला बघून ती इतकी सुखात म्हणाली आहे ते, की मीच वेड्यासारखा भीत होतो असं वाटलं. मग ते शब्द परत जोडले. मोठ्या जावयाचं वाक्य दीड सेकंद पुढे ढकलावं लागलं, त्यावरून दिग्दर्शक खवळला. बावीस लोक नको म्हणताहेत आणि तू वाढवतोस, म्हणाला. मी बाबांचा कागद पुढे केला. त्याने दोनदा वाचला आणि विचारलं की हा कोण. शिंपी आहे, म्हटलं. मग म्हटलं, माझे वडील. त्याने कागद तिसऱ्यांदा वाचला. जाताना कागद टेबलावर ठेवून म्हणाला की कपडेपटवाल्याला हा दाखवू नकोस.

बाबांना काही सांगू नकोस, नाताळात फक्त घेऊन जा. लोभ आहे तो वाढव, मी कापणार नाही.

तुझा
टेप्या


२६ डिसेंबर

चि. टेप्यास,
अ. उ. आ.

इकडे सर्व खुशाल. ही ओळ बऱ्याच दिवसांनी लिहितेय.

काल पहिल्या खेळाला बाबांना नेलं. यायला तयार नव्हते, चुकलेले कोट दोनदा कशाला बघायचे म्हणून कुरकुर चालली होती. मी खिडकी बंद केली आणि त्यांच्याच शेजारी जाऊन बसले, मालक गेले खड्ड्यात. तीन सांता समोरासमोर आले तेव्हा बाबांनी पुढच्या खुर्चीची पाठ घट्ट धरली. आई हसली. लोकांचं हसून संपत आलं होतं, आणि तेवढ्यात तिने श्वास आत ओढला आणि म्हणाली, ‘मेले गं बाई मी.’ अख्खं थिएटर पुन्हा हसलं रे. त्या तीन दाढीवाल्यांना हसलं नव्हतं तेवढं हसलं.

बाबा शेजारच्या माणसाला चांगल्या खणखणीत आवाजात म्हणाले, ‘ती मला हसतेय.’ त्या माणसाने हळू बोला म्हणून सांगितलं. तर बाबा त्याच्यावरच उखडले, की माझ्या घरच्या गोष्टीत तुम्ही मला गप्प करणारे कोण. मी त्यांचा दंड धरला. ते हसत होते आणि डोळे पुसत होते आणि भांडतही होते, तिन्ही एकदम.

मध्यंतरात खिडकीवर एक गृहस्थ तक्रार घेऊन आले. त्या सुरुवातीच्या फुकटच्या खेळाला मी लेखी कळवलं होतं, तरी ती बाई तशीच आहे, उलट आता बोलतेसुद्धा, असं म्हणाले. मी विचारलं, दोन रेघा तुम्हीच ओढल्या होत्या का. ते अभिमानाने हो म्हणाले. इतके दिवस काय काय बोलायचं ते पाठ करून ठेवलं होतं मी, पण आयत्या वेळी एकच सुचलं. ती आमची आई आहे, असं सांगितलं. त्यांनी पाकीट काढलं. उद्याची चार तिकिटं मागितली, आणि मी दिली.

त्या एकोणीस कागदांच्या कोऱ्या बाजूवर बाबा आता गिऱ्हाइकांची मापं लिहितात. घोडीवाल्या कागदावर त्या गृहस्थांचंच माप घ्यायची माझी फार इच्छा आहे.

सुट्टी मिळाली की ये, आणि टेप घेऊन ये, आपण तिघं मिळून ऐकू. माया आतल्या बाजूला दुमडलेली असते म्हणून वरून दिसत नाही, ती आहे असं समजून चाल.

तुझी
ताई

ता. क. बाबांचं तिकीट सोबत घातलंय. मागे त्यांनी पेन्सिलीने लिहिलंय, तुमचीच ती पेन्सिल, ऑक्टोबरात खिशात घालून आणलेली. ‘दुरुस्ती मिळाली. आता अंगाला बसलं.’